१६० मीटरच्या पट्ट्यावर एक हिवाळा: आखाड्यावरच्या नोंदी

१६ डिसेंबर २०१८, रविवार

सीक्यू १६० मीटर सीडब्ल्यू या हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, मोर्स स्पर्धेत यंदा उतरायचं ठरलं; १६० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर जमतील तितक्या स्टेशनांशी संपर्क करायचा. शुक्रवारी यूटीसी (जागतिक वेळ) २२०० ला सुरू होते, रविवारी २२०० ला संपते; आपल्या घड्याळानं २६ जानेवारीच्या पहाटे साडेतीनपासून २८ च्या पहाटे साडेतीनपर्यंत. एकट्या ऑपरेटरला ४८ पैकी ३० तास बसायची मुभा आहे. दिवसा हा पट्टा मेलेलाच असतो आणि सगळा अंधार धरला तरी सव्वीस-सत्तावीस तास भरतात, त्यामुळे ती मर्यादा आपल्याला आडवी येत नाही.

यंदाच का, तर सूर्य शांत आहे. सौरचक्र २४ तळाला आलंय, दिवसच्या दिवस सूर्यावर डाग दिसत नाही. दहा मीटरवाले हॅम हातावर हात धरून बसलेत आणि १.८ मेगाहर्ट्झवाल्यांची, म्हणजे आम्हा १६० मीटरवाल्यांची, चांदी आहे. या लहरी दिवसा आयनांबराचा (वर वातावरणातल्या विद्युतभारित पट्ट्याचा) डी थर गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, मग वरच्या एफ थरावरून टप्पे घेत लहर युरोपपर्यंत जाते. हिवाळ्यात रात्र मोठी, आणि विजांचा मुक्काम विषुववृत्ताच्या पलीकडे गेलेला. वळवाच्या दिवसांत हाच पट्टा लावला तर कानात फक्त कडकडाट.

स्टेशन शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरात, औसा-किल्लारी रस्त्यापासून आत. परवान्यावरचा पत्ताच शेताचा आहे. गावातलं घर डीपीच्या शेजारी, तिथं रिसीव्हर लावायचा तर नुसता घूं आवाज.

आज पाठवायच्या अँटेनाची, उलट्या इंग्रजी एल आकाराची तार चढवली. पाव तरंगलांबी म्हणजे ७५ भागिले १.८३, सुमारे ४१ मीटर. प्रत्यक्ष तार त्याहून थोडी आखूड. विहिरीवरचा लिंब चौदा मीटर उंच. तितकी तार सरळ वर, उरलेली आडवी बोरीच्या झाडाकडे. शेंड्यावरून दोरी टाकायला भाच्यानं गलोल आणली होती, खडा अर्ध्यातूनच परत. शेवटी सालगड्यानं गोफण घेतली. मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याला नटबोल्ट बांधला, दोन वेढे फिरवून सोडला आणि दोरा नेमका दुबेळक्यातून पलीकडे. ज्वारीवरची पाखरं उडवून हात बसलेला माणूस; असल्या कामाला त्याच्यापुढं महागडी साधनं फिकी. टोकाला चिनी मातीचा अंडा इन्सुलेटर लावला, लायटीच्या खांबाच्या ताणाला असतो तोच.

२३ डिसेंबर, रविवार

मीटरवर एसडब्ल्यूआर (तार रेडिओशी किती जुळली त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) १.१. भाचा खूश झाला. मी नाही.

त्याला समजावून सांगायला तासभर गेला, इथं थोडक्यात लिहून ठेवतो. एवढ्या बुटक्या उलट्या एलचा स्वतःचा उत्सर्जन रोध, म्हणजे लहर बाहेर टाकणारा कामाचा रोध, पंधरा ओहमच्या आसपास असतो. मीटर १.१ दाखवतोय, म्हणजे एकूण रोध रेडिओला हवा तो पन्नास; मग उरलेले पस्तीस जमिनीचे. रेडिओतून निघालेल्या शंभर वॅटांतले सत्तर मातीच गरम करतायत आणि मीटर म्हणतोय, सगळं झकास. गेल्या वर्षी श्रावणात पाऊस लागलेला असताना याच ठिकाणी, अशाच तारेवर १.८ दिसायचं आणि लांबची स्टेशनं लगेच उत्तर द्यायची.

यंदा पावसानं पाठ फिरवली. ऑक्टोबर संपताना सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्या काळ्या मातीला डिसेंबरातच भेगा पडल्यात. ही माती ओली असली की वीज छान वाहून नेते. वाळली की आकसते आणि जमिनीत ठोकलेल्या सळईच्या भोवती बोटभर पोकळी राहते. सळई हलवून पाहिली, गदागदा हलते. लिंबाच्या बुडापासून वीस-वीस मीटरच्या बारा तारा जमिनीवर चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरल्यात, त्यांतल्या निम्म्या भेगांवरून अधांतरी गेल्यात.

भाचा म्हणाला, पाणी मारू. वायरमन अर्थिंगला करतात तसा खड्डा, कोळसा, मीठ आणि वरून पाणी. घागर उचललीही त्यानं. धुऱ्यापलीकडून, म्हणजे बांधापलीकडून, शेजारचे आबा बघत होते.

"काय करायलास रे?"

"अर्थिंगला पाणी घालायलोय, आबा."

"आरं, जनावराला पाणी न्हाई, मानसाला टँकरची वाट. आन् ह्यो तारंला पाणी पाजायलाय!"

घागर खाली ठेवली. जमिनीवर विसंबायचंच नाही असा उपाय हवा.

३० डिसेंबर, रविवार

थंडीची लाट. परभणीचा पारा नेहमीप्रमाणे मराठवाड्यात सगळ्यांत खाली. इथंही सकाळी नऊपर्यंत बोटं वळत नाहीत. तार सोलताना चाकू दोनदा सुटला.

आऱ्या जमिनीवरून उचलल्या. बाराऐवजी दोनच, पण पूर्ण लांबीच्या: चाळीस-चाळीस मीटर, एकमेकींच्या विरुद्ध दिशेला, वेळूच्या काठ्यांवर तीन मीटर उंच. परतीचा प्रवाह आता तांब्यातून, मातीला विचारायचं कामच नाही. एक तार पांदणीवरून जाते. तिथं उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात, एकाला दोन ट्रॉल्या, मोळ्या वर आभाळाला लागलेल्या. त्या ठिकाणी तार सहा मीटरवर नेली आणि दोन्ही काठ्यांना चिंध्या बांधल्या.

पुन्हा मोजलं. सव्वीस ओहम. एसडब्ल्यूआर बिघडून १.९ झाला आणि जीव भांड्यात पडला. शंभरातले तीस बाहेर पडत होते, आता सत्तावन्न-अठ्ठावन्न पडतात. म्हणजे रेडिओ न बदलता जवळपास दुप्पट.

आता पन्नासशी जुळवणं सोपं. उभी तार थोडी कमी केली आणि खालच्या टोकाला, तार आणि आऱ्यांच्या मध्ये एक कॉइल टाकली: दोन इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर दहा वेढे, साडेचार मायक्रोहेन्री. पाइप विहिरीच्या जुन्या लाइनीतला. वेढे जरा फाकवले, जरा दाबले, काटा १.२ वर आणून एमसीलनं चिकटवले.

५ जानेवारी २०१९, शनिवार

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. आज कामाला सुट्टी. कडब्याची कोप केली, पांडव मांडले, पूजा झाली. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. पीक यथातथाच आहे, ज्वारी कमरेलाही लागेना, तरी लातूरहून पाहुणे आले आणि जेवण नेहमीसारखंच दणदणीत झालं.

पाहुण्यांतला प्रत्येक जण लिंबाकडे बघून "ही तार कशाची?" विचारतो. एका म्हाताऱ्या मामांनी माझ्याआधी उत्तर दिलं. १९९३ च्या सप्टेंबरात भूकंप झाला, किल्लारीची फोनलाइन गेली, तेव्हा बाहेरून आलेली पोरं असलीच तार झाडाला बांधून निरोप पाठवत होती, हे त्यांच्या पक्कं ध्यानात आहे. मग बाकीच्यांनी तारेबद्दल काही विचारलं नाही. तसा या भागात हॅम रेडिओ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही, आणि त्याचं कारण फार चांगलं नाही.

१२ जानेवारी, शनिवार

ऐकायची तार. १६० मीटरवर पाठवणं हा अर्धाच खेळ. शंभर वॅट युरोपात पोचतात, पण तिकडून येणारं उत्तर तुमच्या गोंगाटाखाली दबलं तर उपयोग काय? म्हणून पाठवायची तार वेगळी, ऐकायची वेगळी.

बेव्हरेज अँटेना टाकली. काम साधं: जमिनीपासून दोन-अडीच मीटरवर, हव्या त्या दिशेला, जमेल तितकी लांब तार. रेडिओकडच्या टोकाला फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला नऊ-एकचा ट्रान्सफॉर्मर, लांबच्या टोकाला ४७० ओहमचा रोध आणि तिथून जमिनीत सळई. ही तार समोरून आलेलं ऐकते, मागचं नि बाजूचं बरंच टाळते. आमच्याकडून मध्य युरोपची दिशा ३१७ अंश, जवळजवळ नेमकी वायव्य. आमचा धुरा वायव्येलाच जातो. आजोबांनी वाटणी करताना एवढी सोय करून ठेवली, त्यांना काय माहीत! १६० मीटर मिळाले, शेवटचे चाळीस आबांच्या हरभऱ्याच्या कडेनं.

गंमत अशी की या तारेला कोरडी, नाठाळ जमीनच मानवते. येणारी लहर खालच्या जमिनीमुळे जरा पुढे झुकते आणि त्या झुकण्यातूनच तारेत प्रवाह उभा राहतो. जमीन फार चांगली वाहक असली, समुद्रकाठची खारी वगैरे, तर लहर ताठ उभी राहते आणि तारेला काही मिळत नाही. म्हणजे ज्या दुष्काळानं पाठवायच्या तारेचं वाटोळं केलं तोच या तारेवर मेहेरबान. सळईला पाणी घालायचा मोह यावेळी आला नाही.

हॅरल्ड बेव्हरेज यांनी या अँटेनाचं पेटंट १९२१ मध्ये घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॉल गॉडली नावाचा अमेरिकन हॅम स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन गावी समुद्रकाठच्या शेतात तंबू ठोकून बसला. १३०० फूट लांबीची हीच तार, बाहेर पाऊस-वारा, आणि कनेक्टिकटमधून हौशी मंडळींनी चालवलेल्या १बीसीजी स्टेशनचा संदेश त्यानं अटलांटिकपलीकडून स्पष्ट उतरवून घेतला. तरंगलांबी २३० मीटरच्या आसपास. भाच्याला हे सांगितल्यावर त्याचा प्रश्न: "मामा, त्याच्याकडं डुकरं होती का?"

प्रश्न रास्त आहे. इथं रोही (नीलगाय) आणि रानडुकरं दोन्ही आहेत. रोही मान वर करून चालतो म्हणून तार अडीच मीटरवर. डुकरांचं उद्या बघू.

१३ जानेवारी, रविवार

रात्री दहा ते पहाटे चार नुसतं ऐकत बसलो. युरोप आहे, पण तीन आवाजांच्या आड.

पहिला घरचाच. आखाड्यातल्या एलईडी बल्बाची भुणभुण. बल्ब काढून कंदील लावला, प्रश्न मिटला.

दुसरा रात्री एकनंतर सुरू होतो. तळणीचं तेल तडतडावं तसा. हातात सेलवरचा ट्रान्झिस्टर घेतला, परभणी आकाशवाणीच्या १३०५ वरून काटा वर सरकवत मोकळ्या जागी आणला आणि लाइनीखालून चालत गेलो. तिसऱ्या खांबापाशी आवाज सगळ्यांत मोठा. वर्षभर पाऊस नाही, पिन इन्सुलेटरवर धुळीचा थर. मध्यरात्री त्यावर दव पडलं की धूळ ओली होते आणि पृष्ठभागावरून बारीक ठिणग्या पळू लागतात. दोन सरी बरसल्या असत्या तर आपोआप धुतलं गेलं असतं. वायरमनला फोन केला, येतो म्हणाला.

तिसरा मात्र टक्... टक्... टक्, सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा, पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आबांचं झटका मशीन. हरभऱ्याच्या चारी बाजूंनी तार, सोलरवर चालणारं मशीन दर सेकंदाला तिच्यात काही हजार व्होल्टचा झटका सोडतं. तार स्वच्छ असेल तर फारसा त्रास होत नाही. पण गवताची काडी टेकली, दवानं ओली झाली, की त्या जागी प्रत्येक झटक्याला ठिणगी. आमची ऐकायची तार चाळीस मीटर त्याच्या शेजारून गेलेली. रेडिओतलं नॉइज ब्लँकर लावलं तर ठोके कमी होतात, पण शेजारचं जोरदार स्टेशन फाटून सगळीकडं पसरतं. मोर्समध्ये एक टिंब हरवलं की कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) बदलतं. दर सेकंदाला एक टिंब हरवून चालणार नाही.

१६ जानेवारी, बुधवार

कालचे तिळगूळ घेऊन संध्याकाळी आबांकडे गेलो. आधी म्हटलं, धुऱ्यालगतचं गवत मी साफ करतो आणि तारेचे फुटके इन्सुलेटर बदलून देतो. त्याला त्यांची हरकत नव्हतीच. मग खरं मागणं काढलं: तीन रात्री मशीन बंद ठेवता का?

आबा बराच वेळ चिपाडानं दात कोरत राहिले.

"बंद ठिवतो. पर एका रातीत चार एकर नांगरून जात्यात डुकरं. भरपाई कोन देनार, तुजा जपान?"

"मी रात्रभर जागाच असतो, आबा. राखण करतो."

"कानात ते घालून?"

मुद्दा बिनतोड होता. शेवटी सौदा असा ठरला: मशीन तिन्ही रात्री बंद. भाचा बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन अर्ध्या-अर्ध्या तासानं चक्कर मारेल. डुकरं आलीच तर मीही कान मोकळे करून पळायचं, मग रेडिओवर कोणी का असेना. हे शेवटचं वाक्य आबांनी दोनदा म्हणून घेतलं.

वायरमन काल येऊन गेला. लाइन बंद करून तीन खांबांवरचे इन्सुलेटर फडक्यानं पुसले, एक ढिला जंपर आवळला. रात्री तडतड जवळजवळ गायब.

२० जानेवारी, रविवार

बॅटऱ्या. १५० एएचच्या दोन ट्युब्युलर, समांतर. रेडिओ पाठवताना वीस-बावीस अँपिअर ओढतो; थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि ११.७ व्होल्टच्या खाली गेलं की सिग्नल चिवचिवतो. जाड केबल टाकली. दिवसा सोलरवर चार्ज, सूर्य मावळला की कंट्रोलर काढून ठेवायचा, म्हणजे त्याचाही आवाज नको. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

२५ जानेवारी, शुक्रवार

रात्रीची रंगीत तालीम. एक गोष्ट ऐनवेळी लक्षात आली ते बरं झालं. आखाड्याला पत्रे आहेत. दार लावून दोघं बसलो, स्टोव्हवर चहा झाला, आणि पहाटे पत्र्याला आतून घाम फुटून थेंब टपटपायला लागले, नेमके टेबलावर. युरियाची दोन पोती उसवून पत्र्याखाली आढ्याला तिरपी बांधली, पाणी भिंतीकडे वळलं.

थर्मामीटर नऊ अंश. हातमोजे घालून पॅडल (मोर्सची कळ) चालत नाही. उजव्या हाताचा मोजा बोटांपुढं कापला. लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसला लावून घेतलं, संपर्कांच्या नोंदीला एन वन एम एम हे सॉफ्टवेअर. दहाला झोपलो, तीनला उठायचं.

२६ जानेवारी, शनिवार

साडेतीनला पट्टा एकदम पेटला. दोन मिनिटांपूर्वी तुरळक स्टेशनं होती, आता जिथं काटा न्यावा तिथं स्पर्धेची हाक, "सीक्यू टेस्ट".

आणि लगेच जुनी गळचेपी. आमच्या परवान्यात १६० मीटर म्हणजे १८२० ते १८६० किलोहर्ट्झ. युरोपवाले १८१० पासूनच रांगेत बसलेले. १८१४ वर एक फिन, १८१७ वर आणखी एक, इतके स्पष्ट की भाच्यालाही कॉलसाइन उतरवता आलं. आपण नुसतं ऐकायचं. काटा १८२० च्या वर आणून एकेकाला गाठत निघालो. देवाणघेवाण छोटी: ते ५९९ (सिग्नल स्पष्ट आहे) आणि त्यांचा झोन (जगाच्या विभागाचा क्रमांक), आपण ५९९ आणि २२. युक्रेन १६, पोलंड १५, बल्गेरिया २०. खंडाबाहेरचा संपर्क दहा गुणांचा, आशियातला पाचाचा, देशातला दोनाचा. आणि एकूण गुणांना देशांच्या संख्येनं गुणायचं. म्हणून प्रत्येक नवा देश सोन्याचा.

पाचच्या सुमारास १८२७ वर स्वतःच सीक्यू द्यायला लागलो. पहिली दहा मिनिटं कोणी नाही. मग कोणीतरी क्लस्टरवर (कोण कुठं ऐकू येतंय त्याच्या इंटरनेटवरच्या यादीत) नाव टाकलं असणार, एकदम पाच-सहा जण एकावर एक. सगळ्यांना भारत हा गुणक हवा. अशा वेळी कान फक्त एकाच अक्षरावर ठेवायचा, तेवढंच परत पाठवायचं आणि बाकीचे गप्प होतात का बघायचं. जर्मन थांबतात. सगळेच थांबतात असं नाही.

खरी मजा पावणेसातला. आमचा सूर्य सातला उगवतो. उगवायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं सिग्नल अचानक वर चढतात. इंग्लंड आला, मग स्पेन. १८२२ वर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा एक जण बारीक पण स्वच्छ, तिकडं अजून रात्रीचे साडेआठही वाजले नव्हते. बोलावलं. "?" आलं. पुन्हा बोलावलं. पुन्हा "?". वाट ध्रुवाजवळून जाते, शंभर वॅट तिथं दम टाकतात. सात-दहाला सगळं ओसरलं, जणू कोणी कळ फिरवली.

डुकरं आली नाहीत. भाचा तसाच आंघोळ करून शाळेच्या झेंडावंदनाला गेला. मी झोपलो. दुपारी लाउडस्पीकर चालू होता म्हणे, मला पत्ता नाही.

२७ जानेवारी, रविवार (पहाटे लिहितोय)

काल संध्याकाळी सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं जपान. जपानी हॅमना पट्ट्याच्या या भागात १८१० ते १८२५ एवढंच सीडब्ल्यूला मोकळं होतं (२०१९ मध्ये), आपली सुरुवात १८२० वर. दोघांचा सामाईक तुकडा पाच किलोहर्ट्झ, आणि त्यात सगळं पूर्व आशिया दाटीवाटीनं. बेव्हरेज वायव्येला, जपान ईशान्येला, म्हणून उलट्या एलवरच ऐकावं लागलं, खरखरीतून. तरी बरेच जपानी मिळाले. समोरचा माणूस शेवटचं अक्षर चुकलं तर तीनदा शांतपणे पाठवतो, त्यांच्याबरोबर काम करायला बरं वाटतं.

साडेनऊनंतर युरोपात अंधार पसरत आला तसे देश पूर्वेकडून पश्चिमेकडे उघडत गेले. बारा वाजता १८२४.५ वर चांगली जागा धरली आणि दोनपर्यंत सोडली नाही. टक टक नाही, तडतड नाही. बेव्हरेजमध्ये मागचा गोंगाट इतका कमी की दोन स्टेशनांच्या मधली शांतता ऐकू येते. एक नॉर्वेजियन पाच वॅटवर होता, तोही पहिल्या फटक्यात.

दोन वाजून काही मिनिटं. सात जण एकदम बोलावतायत, त्यात एक कॉलसाइन क्रोएशियाचं, नवा देश. आणि दार उघडून भाचा: "मामा, आलीत!"

हेडफोन टेबलावर. बॅटरी घेऊन धावलो. हरभऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात आठ-दहा काळे ढिगारे, खाली मान घालून. भाच्यानं डबा बडवला, मी ओरडलो. मोठं डुक्कर एकदा थांबून आमच्याकडे बघत राहिलं, मग सगळा कळप पांदणीकडे वळला आणि जाताना बेव्हरेजची एक काठी आडवी केली. तार तुटली नाही. काठी उभी करून दगडांनी ठोकली, अंगातला घाम पुसायच्या आत थंड पडला.

परत आलो तर १८२४.५ वर एक दणदणीत रशियन आपलं घर असल्यासारखा बसलेला. क्रोएशियावाला कुठं गेला कोण जाणे. नवी जागा मिळेस्तोवर पाऊण तास गेला. सौद्यातच होतं ते.

२८ जानेवारी, सोमवार

शेवटची रात्र जड गेली. चालणारी स्टेशनं बहुतेक आधीच लॉगमध्ये. एकेका नव्यासाठी वीस-वीस मिनिटं. जॉर्जिया, सायप्रस, आणि अकराच्या पुढे अखेर क्रोएशिया, दुसराच कोणीतरी.

अकरालाच आबा घोंगडी पांघरून आले, राखण नीट चाललीय का बघायला. बसले. मी हेडफोनचा एक कान त्यांच्याकडे वळवला.

"कोन हाय?"

"बल्गेरिया."

"काय म्हनायलाय?"

"तुमचं नीट ऐकू येतंय म्हणतोय."

थोडा वेळ ऐकलं त्यांनी. "पाऊस हाय का म्हनाव तिकडं?"

स्पर्धेत असलं काही विचारायची सोय नसते, पुढचा माणूस खोळंबलेला असतो. तसं सांगितलं. मग त्यांना बोलण्यात राम वाटेना, उठून शेकोटीपाशी जाऊन बसले. डुकरं बहुधा त्यांच्या खोकल्यानंच आली नाहीत.

साडेतीनला थांबलो. आबांनी त्याच वेळी जाऊन मशीन चालू केलं. मुद्दाम पट्टा लावून बघितला: टक्... टक्, पण बराच हलका. गवत काढल्याचा फरक.

२ फेब्रुवारी, शनिवार

लॉग मुदतीत पाठवला. १२९ संपर्क: युरोप ९८, बाकीचा आशिया २८, देशातले ३. गुण ११२६, देश ३८, एकूण ४२,७८८ असा माझा दावा. तपासणीत काही कापले जातील. अमेरिका शून्य. भाच्यानं तीन रात्रींत ऐकून ऐकून आकडे पक्के केलेत. जनरल श्रेणीच्या परीक्षेत मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स लागतं, इथं पंचवीसनं चाललं होतं.

पाठवायच्या तारेत पुढच्या वर्षी काही बदलायचं नाही, बाराऐवजी दोन आऱ्यांवर भागलं. ऐकायच्या बाजूला मात्र ईशान्येची दुसरी बेव्हरेज हवीच. जपानचे निम्मे सिग्नल खरखरीत सोडून द्यावे लागले. ती तार आबांच्या वावरातून तिरकी न्यावी लागेल. विचारलं.

"टाक की. पर हरभरा निघून मळणी होस्तोवर न्हाई."

म्हणजे मार्च उजाडणार. तोवर अवकाळीच्या विजा सुरू होतात आणि १६० मीटरवर ऐकण्याजोगं काही राहत नाही. जुनी तार आज गुंडाळली, धुऱ्यावरून मळणी यंत्र जायचंय. ट्रान्सफॉर्मर डब्यात, ४७० ओहमचा रोध त्याच डब्यात, जपानची तार डिसेंबरात.